पाटीवरची अक्षरे : डॉक्टरांनी स्वतःविषयी काय लिहावे, याचा कायदा

मिरज जंक्शनवर पहाटेच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांमध्ये एक्स-रेची मोठी पाकिटे काखेत धरलेली माणसे हमखास दिसतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली येथे मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि आज जत, आटपाडी, सांगोल्यापासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे रुग्ण येथे येतात. त्यामुळे येथील कित्येक दवाखान्यांच्या पाट्या मराठीबरोबर कन्नडमध्येही रंगवलेल्या असतात. ज्याच्या ओळखीचे गावात कोणी नाही, अशा माणसाला कुठल्या जिन्याने वर जायचे हे या पाट्या वाचूनच ठरवावे लागते. नावापुढच्या अक्षरांचा अर्थ त्याला लागत नाही. मग तो बोर्डाचा आकार पाहतो, त्यावरचा फोटो पाहतो, आणि रिक्षावाला काय म्हणतो ते ऐकतो.

डॉक्टरांच्या जाहिरातीवर कायद्याने बंधन का घातले आहे, याचे उत्तर या माणसाच्या अडचणीत आहे. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच भाव ठरवायला रुमालाखाली हात घालतो. शस्त्रक्रिया मात्र आधी पारखून घेता येत नाही, आणि नंतरही ती चांगली झाली की वाईट, किंबहुना तिची गरज तरी होती का, हे रुग्णाला बहुधा कळत नाही. ज्या व्यवहारात घेणाऱ्याला माल पारखता येत नाही, त्या व्यवहारात विकणाऱ्याच्या शब्दाला फार वजन येते, आणि म्हणून तो शब्द मोजून-मापून वापरण्याची सक्ती करावी लागते.

ही सक्ती करणारा मुख्य दस्तऐवज म्हणजे तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने 2002 साली लागू केलेले व्यावसायिक आचरण, शिष्टाचार आणि नीतिमत्तेचे विनियम. ते आधुनिक वैद्यकाच्या, म्हणजे आपण ज्यांना अॅलोपॅथीचे म्हणतो त्या, नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होतात. त्यांतील जाहिरातीसंबंधीचे मुख्य सूत्र असे की, डॉक्टरने एकट्याने, गटाने किंवा संस्थेमार्फत, प्रत्यक्ष किंवा आडवाटेने रुग्णांना आपल्याकडे ओढून घेण्याचा प्रयत्न करणे हे अनैतिक वर्तन आहे. मात्र रुग्णांना ओढणे वेगळे आणि त्यांना माहिती देणे वेगळे, हे विनियमांनी मान्य केले आहे, आणि माहिती कोणती द्यावी हे बऱ्याच बारकाईने सांगितले आहे.

पाटीचेच पाहा. ती अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर डॉक्टरचे नाव, विद्यापीठाची किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेची पदवी, किताब, विशेष शाखेचे नाव आणि राज्य वैद्यक परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक, एवढेच असावे. केसपेपरवरचा मजकूरही तेवढाच. पाटी औषधाच्या दुकानावर किंवा डॉक्टर जेथे राहत नाही वा काम करत नाही अशा जागी लावू नये. लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या फलकावर स्वतःचे छायाचित्र छापणे ही आत्मप्रसिद्धी समजली जाते. शरीराच्या अवयवांची रेखाचित्रे व आकृत्या छापायला मात्र हरकत नाही. म्हणजे गुडघ्याचे चित्र चालते, गुडघा बसवणाऱ्याचे चालत नाही. हे प्रथम वाचताना हसू येते, पण विचार केला तर त्यात तर्क आहे, कारण गुडघ्याच्या चित्रावरून न वाचता येणाऱ्या माणसालाही येथे कशाचा इलाज होतो हे समजते, आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर गणेशोत्सवात आणि दिवाळीत शुभेच्छांचे जे फ्लेक्स लागतात, त्यांवर पुढाऱ्यांच्या पंक्तीत हसणारी डॉक्टरमंडळी या तरतुदीचा आशय किती पाळतात, ते ज्याने त्याने पाहावे.

वर्तमानपत्रात निवेदन देण्यालाही सरसकट बंदी नाही. व्यवसाय सुरू करताना, त्याचे स्वरूप बदलताना, पत्ता बदलताना, काही काळ अनुपस्थित राहताना, पुन्हा काम सुरू करताना, दुसऱ्याचा व्यवसाय पुढे चालवायला घेताना आणि आपली फी जाहीर करताना डॉक्टरला औपचारिक निवेदन देता येते. यांतील शेवटचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फी जाहीर करण्याला नुसती परवानगीच नाही, तर आपल्या खोलीत फी स्पष्टपणे लावावी आणि ती उपचारापूर्वी सांगावी, असे हेच विनियम सांगतात. दवाखान्याच्या बाजूच्या हॉटेलात चहाची किंमत भिंतीवर असते. तपासणीची फी मात्र रिसेप्शनला विचारल्यावर आणि काही वेळा विचारूनही नीट कळत नाही. जी जाहिरात कायद्याला हवी आहे ती दिसत नाही आणि जी नको आहे ती चौकाचौकात दिसते, अशी ही उलटी स्थिती आहे.

आता नावापुढच्या अक्षरांकडे वळू, कारण खरी फसगत तेथेच होते, आणि पुष्कळदा एकही अक्षर खोटे न लिहिता होते.

एमबीबीएस ही आधुनिक वैद्यकाची मूळ पदवी. त्यानंतर एमडी, एमएस किंवा डीएनबी झाले की डॉक्टर एखाद्या शाखेचा तज्ज्ञ होतो, आणि डीएम किंवा एमसीएच ही त्यापुढची पायरी. डीजीओ (स्त्रीरोग), डीसीएच (बालरोग) यांसारख्या पदविकाही असतात. मान्यताप्राप्त पदव्या-पदविका आणि व्यावसायिक ज्ञान किंवा खास कर्तृत्व दाखवणारी सदस्यत्वे व सन्मान एवढेच नावापुढे लावावे, असा नियम आहे, आणि ज्या शाखेची विशेष पात्रता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेणे हे गैरवर्तन ठरते. साधा एमबीबीएस डॉक्टर मधुमेहाचे रुग्ण पाहू शकतो, आणि तो ते उत्तम पाहत असेल. पण पाटीवर 'शुगर स्पेशालिस्ट' असे लिहिण्याचा अधिकार त्याला त्यामुळे मिळत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र किंवा वर्गणी भरून मिळालेले एखाद्या संघटनेचे सदस्यत्व जेव्हा पदवीच्याच टाइपात, त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन छापले जाते, तेव्हा वाचणाऱ्याला ती आणखी एक पदवी वाटते, आणि तसे वाटावे म्हणूनच ते तेथे असते.

'एमडी' या दोन अक्षरांचा गोंधळ तर स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखा आहे. भारतात एमडी म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षे निवासी राहून मिळवलेली पदव्युत्तर पदवी. रशिया आणि त्या बाजूच्या काही देशांत मात्र वैद्यकाच्या मूळ पदवीलाच एमडी म्हणतात, म्हणजे तेथून शिकून आलेल्या आणि येथील पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरची एमडी ही आपल्या एमबीबीएसच्या बरोबरीची असते. आयुर्वेदातही एमडी आणि एमएस या पदव्युत्तर पदव्या आहेत, त्या कायदेशीर आहेत आणि कष्टाने मिळवलेल्या आहेत, परंतु पुढे 'आयुर्वेद' हा शब्द लिहिला नाही किंवा मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिला, तर वाचणाऱ्याची समजूत वेगळी होते. आणि 'एमडी'च्या पुढे कंसात 'एएम' असेल तर ते बहुधा 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन' असते, ज्याच्या आधारावर वैद्यक परिषदेची नोंदणी मिळत नाही. चार माणसांच्या नावापुढे तीच दोन अक्षरे असतात आणि चौघांचे शिक्षण चार तऱ्हेचे असते.

पॅथीचा प्रश्नही येथेच येतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात स्पष्ट केले की, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधे देणे हा मुळातच निष्काळजीपणा होय, आणि ज्या शास्त्राचे ज्ञान नाही त्यात व्यवसाय करणारा हा भोंदूच समजला पाहिजे. त्यानंतर 2014 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, सीसीएमपी हा औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे वापरण्याची वाट काढून दिली. डॉक्टरांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि हा वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. जत किंवा कवठेमहांकाळच्या वाडीवस्तीवर रात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) पदवीचाच असतो, हेही विसरून चालणार नाही. पाटीच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की, आपण कुठल्या शास्त्रात शिकलो ते रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे.

खुद्द 'डॉ.' या उपपदावरूनही तंटा आहेच. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले.

यावरून लक्षात येईल की, प्रत्येक व्यवसायाचे घर वेगळे आहे. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांसाठी 1965 च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यक परिषद मुंबईत आहे. आयुर्वेद आणि युनानीसाठी 1961 चा कायदा आणि त्याखालील परिषद आहे. होमिओपॅथीची स्वतंत्र परिषद आहे, आणि दंतवैद्यांसाठी राज्याची दंत परिषद व 2014 ची सुधारित आचारसंहिता आहे. तक्रार चुकीच्या दारात नेली तर ती तेथून परत येते. आणि ज्याची कोठेच नोंदणी नाही, तो बोगस डॉक्टर यांपैकी कोणाच्याच शिस्तीखाली येत नाही, कारण नोंदवहीत नसलेले नाव खोडता येत नाही. त्याच्यासाठी पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती आहे.

जाहिरात कोणी करावी यापेक्षा कशाची करू नये, हे ठरवणारे दोन जुने कायदे आहेत, आणि ते डॉक्टर असो वा नसो, सर्वांना लागू होतात. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम 1954 चा आहे. त्याच्या परिशिष्टात 54 आजार व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, पक्षाघात, मुतखडा, कोड, लठ्ठपणा, स्त्रियांचे वंध्यत्व, एवढेच काय पण माणसाची उंचीसुद्धा त्यात आहे. आणि यांवर अमुक औषधाने गुण येतो असे सांगणारी जाहिरात करण्यास बंदी आहे. एसटीच्या थांब्यावर आणि सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवर ज्या खात्रीशीर इलाजांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या असतात, त्यांतील बहुतेक या यादीत चपखल बसतात. या कायद्याने भाषणस्वातंत्र्य हिरावले जाते, असा दावा त्या काळी औषधे बनवणाऱ्या एका दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात केला होता. न्यायालयाने कायद्यातील काही भाग रद्द केला, पण आक्षेपार्ह औषधाची जाहिरात हा विचारस्वातंत्र्याचा भाग नाही, असे म्हणून गाभा कायम ठेवला.

दुसरा कायदा गर्भलिंगनिदानाचा, 1994 चा. त्याच्या 22 व्या कलमान्वये लिंगनिदानाच्या सोयीची कोणत्याही स्वरूपातील जाहिरात हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही सोनोग्राफी केंद्रातली पाटी याच कायद्याची. मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये 2017 साली बेकायदा गर्भपाताचे जे प्रकरण उघडकीस आले, ते या जिल्ह्यातील कोणी विसरलेले नाही. अशा धंद्याला पाटीची गरज नसते, तो तोंडोतोंडीच चालतो. म्हणून पाटीचे नियम कितीही कडक केले तरी दलालांची साखळी त्याखालून निसटते.

दलालाचा विषय निघालाच आहे तर 'कट'चेही सांगितले पाहिजे. रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा देणे आणि घेणे हे 2002 च्या विनियमांनी निषिद्ध ठरवले आहे. राज्याने 2017 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. मला विचाराल तर कट हीच सर्वांत महागडी जाहिरात आहे, कारण तिचा खर्च रुग्णाच्याच बिलातून वसूल होतो आणि ती कोणाला दिसतही नाही.

मोबाईल आल्यावर पाटी खिशात आली. शस्त्रक्रियेच्या खोलीतले रील, बरे झालेल्या रुग्णाचे कॅमेऱ्यासमोरचे मनोगत, उपचाराआधीचा आणि नंतरचा चेहरा, पैसे मोजून वाढवलेले फॉलोअर यांचा विचार 2002 साली कोणी केला नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवे विनियम प्रसिद्ध केले, आणि त्यांत समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसे वागावे याचा स्वतंत्र भाग होता. परंतु जेनेरिक औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून आणि इतर काही तरतुदींवरून एवढा गदारोळ झाला, की तीनच आठवड्यांत, 23 ऑगस्टला, सबंध विनियम स्थगित झाले आणि 2002 चेच पुन्हा लागू झाले. समाजमाध्यमांचा भाग त्या गदारोळात विनाकारण भरडला गेला, असे माझे मत आहे. नवे नियम येईपर्यंत रीलला पाटीचाच नियम लावून पाहावा लागतो : यात माहिती आहे की आमिष? डेंग्यूच्या दिवसांत पाणी कसे साठवावे हे सांगणे चालते, कारण सार्वजनिक आरोग्यावर डॉक्टरने स्वतःच्या नावाने लिहावे-बोलावे याला जुन्या विनियमांतही मुभा आहे. तेच सांगताना शेवटी 'आजच अपॉइंटमेंट घ्या' आले की ते ओढणे झाले.

डॉक्टर नसलेल्या सल्लागारांसाठी ग्राहक कायदा पुढे आला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार प्रमाणित डॉक्टरने आपण तसे आहोत हे सांगावे, आणि इतरांनी आपले बोलणे हा वैद्यकीय सल्ला नव्हे हे स्पष्ट करावे.

या सर्व व्यवस्थेत एक मोठी फट आहे. परिषदेची सत्ता डॉक्टरवर चालते, कंपनीवर चालत नाही. डॉक्टरने चालवलेल्या प्रसूतिगृहाच्या किंवा खासगी रुग्णालयाच्या जाहिरातीत नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण दाखल करतात, प्रशिक्षणाच्या व इतर सोयी आणि फी यांपलीकडे काही नसावे, असे विनियम सांगतात. पण कंपनीच्या मालकीचे रुग्णालय महामार्गावर चाळीस फुटी फलक लावते, त्यावर पांढऱ्या कोटातली माणसे हात बांधून उभी करते, आणि नोटीस कोणाला काढायची हा प्रश्न तसाच राहतो. याउलट कर्ज काढून विट्यात किंवा तासगावात दवाखाना थाटणाऱ्या नव्या डॉक्टरने नावाचा फ्लेक्स जरा मोठा केला की तो नियमभंग ठरतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेने जाहिरातीवर घातलेली बंदी स्पर्धेला मारक आहे, असे तेथील व्यापार आयोगाने 1979 मध्ये ठरवले, आणि 1982 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय टिकला. बंदीने जुन्या, नावारूपाला आलेल्या डॉक्टरांची सोय होते आणि नव्याची कोंडी होते, हा तेथला युक्तिवाद आपल्याकडेही अगदीच गैरलागू नाही. मात्र तेथे दूरदर्शन संचावर औषधांच्या आणि रुग्णालयांच्या जाहिरातींचा जो भडिमार होतो, तो पाहता त्यांचे संपूर्ण अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही.

माझ्या मते बंदीची रेषा फोटोपाशी आणि बोर्डाच्या लांबी-रुंदीपाशी ओढण्यापेक्षा खऱ्या-खोट्यापाशी ओढलेली बरी. पदवी कोणती, कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या साली, फी किती, हे जितके ठळक लिहिता येईल तितके लिहू द्यावे, त्याची सक्तीही करावी. आणि 'शंभर टक्के खात्री', 'जिल्ह्यातील एकमेव', 'विनाशस्त्रक्रिया मुक्ती' यांना थारा देऊ नये, मग ते लिहिणारा एकटा डॉक्टर असो की कंपनी.

तोवर वाचकाच्या हाती असलेले साधन म्हणजे नोंदणी क्रमांक. तो दवाखान्यात लावणे आणि केसपेपर, दाखले व पैशांच्या पावत्यांवर छापणे डॉक्टरला बंधनकारक आहे. राज्य परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक किंवा नाव टाकले की नोंदलेल्या पदव्या दिसतात. पाटीवरची पदवी तेथे नसेल, तर विचारायला संकोच करू नये. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, म्हणून तीही चालू आहे ना, हे त्याच वेळी पाहावे. तक्रार करायची तर ती लेखी करावी, आणि तिच्यासोबत पाटीचे छायाचित्र, केसपेपर व पावती जोडावी. परिषदेने सहा महिन्यांत निर्णय द्यावा असे विनियमांत आहे, आणि दोष सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून नाव काही काळ किंवा कायमचे काढण्यापर्यंत ती जाऊ शकते. भरपाई मात्र परिषद देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ठरवून दिले आहे. पावती घेतली नसेल, तर दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला जातो.